पायाखालचा दर्या

"टाचेर बसा नको गो. सरळ रव. आणि समोर बघ."

सोकोरोतियाचा हा आवाज रिशेलच्या पाठीत वस्तीलाच होता. न बोलावता यायचा. एसटीत उभ्या उभ्या डुलकी लागली की यायचा, पेन्सिलीला टोक काढताना खांदे पडले की यायचा. आणि आज सकाळी, सावंतवाडीत ती जिथं चित्रकला शिकत होती तिथल्या लांबट हॉलमध्ये स्टुलावर चढून स्वतःचं चित्र खिळ्याला अडकवतानाही तो आला. तिनं पाठ ताठ केली. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. खाली तेजस्वी, तिच्याच वर्गातली आणि तिच्याच भाड्याच्या खोलीतली, एक डोळा मिटून फ्रेम सरळ आहे का ते बघत होती. "डावा कोपरा किंचित वर. किंचित म्हटलं, बाई. हां, बास." मग तेजस्वी मागं मागं जात पार समोरच्या भिंतीला टेकली, मान कलती केली आणि खळखळून हसली. "अगं रिशेल, तुझ्या समुद्रानं मेरीचा गळाच कापलाय की!"

चेष्टाच होती. रिशेल स्टुलावरून उतरली, तेजस्वीशेजारी जाऊन उभी राहिली, आणि तिलाही ते दिसलं. चित्र एका खोलीचं होतं, देवबागच्या त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीचं. फरशीचे चौकोन, दोन्ही कडांना बाकं, वर कौलांखालचे वासे, समोरच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात हातभर उंचीची मेरीमातेची मूर्ती, आणि कोनाड्याला लागूनच गजांची बारकी खिडकी. खिडकीत समुद्र. त्या समुद्राची रेघ खिडकीतून निघून तशीच पुढं नेली तर मूर्तीच्या बरोबर गळ्यावरून जात होती. फरशीच्या, बाकांच्या, वाशांच्या सगळ्या तिरक्या रेषा धावत जाऊन तिथंच, गळ्याशीच मिळत होत्या. आठवडाभर हे चित्र तिनं नाकासमोर धरलं होतं आणि तिला हे दिसलं नव्हतं. पट्टी लावून रेषा ओढणाऱ्याला रेषा दिसतात. मूर्ती तिथं आहेच म्हणून कोण बघतो? "काय झालं गं?" तेजस्वी म्हणाली, "मी आपली गंमत केली. घाबरलीस काय? नंबर तुझाच लागणार आहे, सरांना बोलताना ऐकलंय मी." रिशेल नुसतं हूं म्हणाली. हे चित्र प्रदर्शन उरकलं की सोकोरोतियाच्या खोलीत लागायचं होतं. ईस्टरला येताना घेऊन येईन, असं तिनं तियाला कबूल केलं होतं. आणि हे असलं चित्र तियाला दाखवायचं कसं?

तिया म्हणजे आत्या. रिशेलचे पप्पा प्लासिद आणि मम्मी दोघंही कुवेतला नोकरीला. रिशेलला आणि तिच्या मोठ्या भावाला, रॉयस्टनला, वाढवलं ते सोकोरोतियानं. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी. मागल्या दारात भांडी घासताना खाडीतल्या होड्या दिसायच्या आणि पुढच्या खोलीत देवापुढं बसलं की खिडकीतून समुद्र. दिवेलागणीला तिया हातात जपमाळ घेऊन त्या खोलीत यायची आणि तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू व्हायचा. पाऊस असो, पाहुणे असोत, दारात मासळीवाली ताटकळत असो, तेर्स चुकला असं कधी झालं नाही. मूर्तीला घरात सगळे सायबीण म्हणत. तिया पुढं, पोरं मागं, सगळी गुडघ्यांवर. लहान रिशेलचे गुडघे थोड्या वेळानं चुरचुरायचे, ती हळूच टाचांवर बसायची, आणि तिया मागं वळून न बघताच म्हणायची, टाचेर बसा नको. तिला न बघता कसं कळतं, हे लहानपणचं मोठंच कोडं होतं. एकदा रिशेलनं विचारलंच, टाचेवर बसलं तर काय होतं? तिया म्हणाली, "सायबिणीच्या पायाखालचो दर्यो सरकता."

पोरगी हबकलीच. त्याच दर्याच्या पलीकडं कुठंतरी कुवेत होतं, पप्पा होते. मग तिनं नीट बघितलं. खिडकीतली समुद्राची रेघ आणि कोनाड्यातली सायबिणीची पावलं. ती टाचांवर बसली की समुद्र पार खाली जायचा. ताठ झाली की थोडा वर यायचा, पण पावलांपर्यंत पोचायचा नाही, वीतभर अंतर राहायचंच. उठून उभं राहिलं की मात्र झटक्यात पोचायचा. "तिया, पावलो, पावलो!" असं ओरडत ती एकदा तेर्सच्या ऐन मध्यात उभी राहिली होती आणि रॉयस्टन हसून हसून बाकाखाली गेला होता. तियाही हसली होती, पण डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली होती, "उबी रवान पावलेलो धरूचो नाय. बस खाली. वाढशीत तसो पावतलो." त्यानंतर किती संध्याकाळी तिनं त्या अंतराकडं डोळे लावले असतील, देव जाणे. प्रार्थनेत लक्ष कमी आणि दर्यावर जास्त. ती वाढत गेली, अंतर बोटाबोटानं मिटत गेलं. आणि आठवीत असताना एका संध्याकाळी, गुडघ्यांवर, पाठ सरळ, रेघ पावलांना लागली. सायबीण समुद्रावर उभी होती. दिव्याची ज्योत हलत होती, बाहेर माडांची सळसळ चालली होती, आणि ती रेघ पावलांखालून इकडची तिकडं होत नव्हती.  तियानं माळ संपवली, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला आणि मागं न वळता विचारलं, "लागलो मां?"

हे सगळं ज्या शास्त्रात बसतं त्याला यथार्थदर्शन म्हणतात हे तिला सावंतवाडीत आल्यावर कळलं. तो विषय शिकवायचे अस्लम सर, मूळचे वेंगुर्ल्याचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळा वर्ग वेंगुर्ल्याच्या जेटीवर नेला आणि सांगितलं, आधी उभे राहून समुद्राची रेघ बघा, मग खाली बसा, मग परत उठा. वीस-बावीस मोठी मुलं जेटीवर उठाबशा काढायला लागली. टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी थबकली. "काय रे मास्तर, पोरांनी चोरी केली काय?" सर म्हणाले, "नाय काकी, दर्यो मोजतंव." "मोजून झालो की सांग, अर्धो माका व्हयो," असं म्हणून ती गेली. वर्ग हसत होता, चकितही होत होता. अरे, खरंच रेघ आपल्याबरोबर खाली येते! सर सांगत होते, ते क्षितिज तिकडं लांब नसतं, ते तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. कागदावर सगळ्यात आधी ती एक रेषा मारा, बाकीचं जग नंतर. चकित झाली नव्हती ती फक्त रिशेल. वाऱ्यानं तोंडावर आलेले केस बाजूला करत ती नुसती उभी होती आणि तिला वाटत होतं, आपल्या घरातली गोष्ट यांना कुणी सांगितली? अंगावर काटा आला होता. सुखाचा होता तो. त्या दिवशी परत येताना एसटीत तिनं ठरवलं होतं की हा विषय आपला.

आणि मग गेल्या पावसात तियाचे गुडघे गेले. डॉक्टरांनी गुडघ्यांवर बसायला सक्त मनाई केली. रॉयस्टननं पाहुण्यांसाठी घेतलेल्या खुर्च्यांमधली एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची कोनाड्यासमोर आली. नाताळच्या सुट्टीत रिशेल घरी गेली तेव्हा तेर्स झाल्यावर तिया खुर्चीतच बसून राहिली. पडवीतल्या कागदी ताऱ्यातला दिवा मिणमिणत होता. तिया हसत हसतच बोलायला लागली, पण तिचं हसू पुरं होईना. "हसशीत माका. पण सांगतंय. खुर्चेर बसला काय दर्यो तिच्या गुडघ्यांक लागता गो. पाय दिसनत नाय, बुडाल्यासारी दिसता. रोज बघतंय आणि जीव कसोसोच होता." रॉयस्टननं तिला समजावायचा प्रयत्न केला होता. मोबाइल जमिनीजवळ धरून फोटो काढून दाखवला होता. पण फोटोत खोली उजळ आली की खिडकी पांढरीफटक व्हायची आणि खिडकीतला समुद्र आला की सायबीण काळी पडायची. "ह्येच्यात दर्यो खंय आसा?" तिया म्हणाली होती. "तू काडून दी माका. मी बसय थंयसून. माझ्या खोलयेत लावन ठेयन, खुर्चेर बसान बघीन." त्यातून पुढच्या खोलीची ती भिंतच जायची होती. रॉयस्टन घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या करणार होता आणि समुद्राकडची भिंत फोडून तिथं अख्खी काच लावणार होता. मे महिन्याच्या आधी करू, घाई नाही, असं तो म्हणाला होता. रिशेलनं तियाचा हात हातात घेऊन सांगितलं, काढते. त्याआधी काढते.

आणि काढलं होतं की तिनं! सुट्टीचे उरलेले सगळे दिवस ती त्या फरशीवर, तियाच्या जागेवर, गुडघ्यांवर बसून काढत होती. रॉयस्टन येताजाता म्हणायचा, "काय गो, पापां वाढली काय तुझी?" कोनाड्याची उंची, खिडकीची रुंदी, बाकांची लांबी, सगळं टेपनं मोजलं. मग मोठ्या कागदावर क्षितिज मारलं, सायबिणीच्या पावलांतून. ज्या बिंदूत खोलीच्या सगळ्या रेषा जाऊन मिळायच्या तो व्हॅनिशिंग पॉइंट पावलांच्या मधोमध आला. तिथं तिनं टाचणी टोचली, टाचणीला दोरा बांधला आणि दोरा ताणून ताणून, त्याच्या खुणेनं फरशी, बाकं, वासे ओढले. दोरा जिथं फिरवाल तिथं रेघ पावलांशी जायची. ती माळ ओढल्यासारखा दोरा ओढायची. इतकं शांत तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग जानेवारी. वर्गात सगळ्यांची चित्रं भिंतीला ओळीनं टेकवलेली आणि अस्लम सर एकेकासमोर उभे राहून बोलत होते. तिच्या चित्रासमोर ते बराच वेळ थांबले. म्हणाले, "रेषा स्वच्छ आहेत. पण क्षितिज एवढं खाली का? तू उभी आहेस ना खोलीत? की काही कारण आहे?" कारण. तिनं तोंड उघडलं. वर्गभर डोळे. आणि मागून मितेश म्हणाला, "सर, ती रांगत होती तेव्हाचं असेल." सगळा वर्ग हसला, तेजस्वीही हसली, आणि खरं सांगायचं तर रिशेलही हसली. ते हसणं तिच्या गालांवर अजून होतं, वाळलेल्या डिंकासारखं. सर हसले नव्हते. ते थांबले होते, उत्तरासाठी. आणि तिनं सांगितलं, "चुकलं, सर." दोन शब्द. आम्ही गुडघ्यांवर बसतो, हे तीन शब्द तिच्या घशात आलेले होते आणि तिनं ते गिळले. का? कुणी तिला मारणार होतं? मितेशला सांगितलं असतं तर तो ओशाळून सॉरी म्हणाला असता. वाईट मुलगा नव्हता तो. पण गुडघ्यांवर बसणं हे घरातलं होतं, काळोखातलं, तियाच्या पाठीमागचं. ते ट्यूबलाइटच्या उजेडात, पंख्याखाली सगळ्यांसमोर मांडायचं या कल्पनेनंच तिला उघडं पडल्यासारखं झालं. त्या आठवड्यात तिनं खोडरबर घेऊन फरशी, बाकं, वासे, खिडकीतला समुद्र सगळं खोडलं. समोरची भिंत आणि मूर्ती होती तशीच राहिली. टाचणी उचलून उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर टोचली, आणि दोरा पुन्हा फिरवला. सर म्हणाले, आता बरोबर आहे. बरोबर होतंही. त्यात एकही चूक नव्हती.

तेव्हापासून तिला स्वस्थता नव्हती, पण ती अस्वस्थता कशाची हे आत्तापर्यंत, तेजस्वी हसेपर्यंत, तिला कळलं नव्हतं. परीक्षेची असेल, उन्हाची असेल, असं वाटायचं. खोलीत झोपताना ती तेर्स म्हणायची तो पांघरुणात, आडवी पडून, माळ उशीखाली, ओठ न हलवता. तेजस्वीला कशाला उगाच. राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस, आणि रमजान यंदा पाठोपाठच लागले होते. अस्लम सर दुपारी चहाला नको म्हणत आणि रिशेलनंही ईस्टरपर्यंत चहा सोडला होता. कॅन्टीनवाला म्हणायचा, तुम्ही दोघं मला देशोधडीला लावणार. ते तिला चालत होतं. चहा सोडला हे सांगायला लाज वाटत नव्हती. गंमतच की. सोडलेलं सांगता येत होतं, धरलेलं सांगता येत नव्हतं. आता ती चित्रासमोर उभी होती आणि पुन्हा पुन्हा त्या गळ्याकडं नजर जात होती. तियानं हे पाहिलं तर काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. बरा काडलंस गो, म्हणेल. आणि रोज संध्याकाळी त्या रेघेकडं बघत बसेल. गुडघ्यापर्यंत बुडालेली सोसत नव्हती, तिच्यासमोर ही गळ्यापर्यंत बुडालेली, चौकटीत घालून.

अजून वेळ होता. पुढच्या रविवारी घरी जाऊन पुन्हा बसता येईल, पुन्हा काढता येईल. ती व्हरांड्यात आली आणि रॉयस्टनला फोन लावला. मागून कसलातरी घरघराट येत होता. "दादा, भिंत कधी फोडतलस?"

"फोडली मगे! सोमवारीच," रॉयस्टन ओरडून बोलत होता. "गवंडी मोकळो गावलो, तो हातचो सोडूचो काय? तू येशीत तेव्हा बघ, आख्खो दर्यो घरात इलोसा. काच आज सकाळीच बसयली."

तिनं कठड्याला हात लावला. दगड गरम होता. "आणि सायबीण?"

"सायबीण आतल्या वाटेत. नवीन फळी मारलंय, वर बल्ब पण लायलंय. तिया खुर्ची घेवन थंयच बसता. वाट एवढीशी, आमका तिच्या पायांवयसून उडी मारून जावचा लागता." तो हसला. मग हसणं जरा ओसरलं. "काय बोलणत नाय गो ती. बरा झाला इतक्याच म्हणाली. तुझा चित्र येतला ना, तेचीच वाट बघता."

फोन ठेवल्यावर व्हरांडा होता तसाच होता. खालून कुठूनतरी काजूच्या मोहोराचा वास येत होता, हॉलमध्ये खिळे ठोकल्याचा आवाज होता, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. भिंत नाही. कोनाडा नाही. ती खिडकी नाही. ज्या उंचीवर ती मूर्ती कुणा जुन्या माणसानं बसवली होती, गुडघ्यांवर बसलेल्या बाईच्या डोळ्यासमोर, ती उंची आता जगात कुठंच नव्हती. होती ती एका कागदावर होती, आणि त्या कागदावरूनही तिनं स्वतःच्या हातानं... तिला पहिल्यांदा रडू आलं नाही, राग आला. रॉयस्टनचा नाही, मितेशचाही नाही. त्या दोन शब्दांचा. आणि राग आल्यावर हातपाय हलायला लागले. ती हॉलमध्ये गेली, स्टुलावर चढली, फ्रेम खिळ्यावरून उतरवली. तेजस्वी धावत आली. "अगं, काय करतेस? ए बाई! मी चेष्टा केली म्हणून? गळा काय खरंच कापलाय काय?"

"चेष्टा केलीस ते बरं झालं," रिशेल म्हणाली.

अस्लम सर कोपऱ्यातल्या टेबलावर उरलेल्या चित्रांचे पुठ्ठे कापत होते. रोज्यानं ओठ कोरडे, हात मात्र स्थिर. तिनं फ्रेम टेबलावर ठेवली. "सर, हे मी काढून घेऊ?"

"का गं? कुणी काही बोललं?"

"नाही."

"मग?"

पुन्हा तेच. सर थांबलेले, उत्तरासाठी. पंखा फिरत होता. मागं मितेश कुणाला तरी शिडी धर म्हणून सांगत होता. तिचे गाल पेटले, कान पेटले. टाचेर बसा नको. "आम्ही गुडघ्यांवर बसतो, सर," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, मागची शिडी थांबली. "त्या खोलीत. रोज. देवासमोर. आमच्या घरात कुणी त्या मूर्तीकडं उभं राहून बघत नाही. आधीचं क्षितिज चुकलं नव्हतं, सर. मी खोटं बोलले."

सरांनी कटर खाली ठेवला. फ्रेम स्वतःकडं ओढली. "मी कारण विचारलं होतं."

"हो, सर."

"नमाजात, सजद्याला, आमचं कपाळ जमिनीला लागतं," ते हळू म्हणाले. "तिथून कुणी काढायला लावलं असतं, तर माझं क्षितिज चटईतच गेलं असतं. आणि वर्गात मला कुणी विचारलं असतं, तुझ्या वयाचा असताना... मीही चुकलं म्हणालो असतो बहुतेक." मग त्यांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा मास्तर झाले. "बरं. परत जाऊन बसून काढ."

"भिंत फोडली, सर. सोमवारी."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग फ्रेम उलटी केली, मागचे खिळे उचकले, कागद बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. दोन ठिकाणी उजेड आरपार आला. एक टिंब गळ्याशी. आणि खाली, मूर्तीच्या पावलांच्या मधोमध, दुसरं. पहिल्या टाचणीचं. खोडरबरानं रेघा गेल्या होत्या, भोक राहिलं होतं. सरांनी कागद तिरका केला तशी त्या टिंबातून निघालेली, पेन्सिलीनं दाबलेली जुनी क्षितिजाची खाचही सावलीसारखी दिसली. रिशेलनं त्यावरून बोट फिरवलं.

"हा कागद आता दुसरं खोडणं सोसणार नाही. फाटेल," सर म्हणाले. "नवा घे. पण हा बरोबर ने. मूर्तीचं, कोनाड्याचं माप यात आहे. बाकी काय हवंय तुला? डोळ्याची उंची. ती कुठून आणशील?"

"तिथं बसल्यावर मिळेल," ती म्हणाली. बोलता बोलताच तिला ते दिसत गेलं. "भिंत नाही, पण समुद्र आहे, सर. काचेतून दिसतो. तियाच्या जागेवर बसले की रेघ बरोबर येईल. त्या रेघेची काचेवर खूण करायची. तिथं पावलं."

सर मान हलवत राहिले. "संध्याकाळी पाहुणे येतील. तुझं नाव घ्यायचं ठरलंय, माहीत आहे ना? चित्र नसेल तर नाव घेता येणार नाही मला."

"माहीत आहे, सर."

"आणि खिळा रिकामा दिसेल."

"तेजस्वीचं होड्यांचं मोठं आहे. ते सरकवलं तर दिसणार नाही."

तेजस्वी दारात उभी होती. "वेडी आहेस तू," ती म्हणाली, पण कोरा कागद गुंडाळायला तीच पुढं आली. दोन्ही कागद, जुना आत आणि नवा बाहेर, तिनं एकाच नळीत सारले, रबर लावलं. मितेश शिडीवरून उतरून जवळ आला होता, हात पुसत. "तुझा ड्रॉइंग बोर्ड जड आहे," तो म्हणाला. "स्टँडपर्यंत आणून देऊ?" रिशेल नको म्हणाली, मग म्हणाली, "बरं, आण."

स्टँडवर घराच्या वाटेवरची कुडाळची गाडी अजून लागायची होती. ती खांबापाशी उभी राहून तियाला फोन लावत होती. बराच वेळ वाजला. वाटेतली खुर्ची, भिंतीला धरून उठणं, सगळं तिला दिसत होतं.

"तिया, तेर्स कितक्याक करतस?"

"दिवो लायल्यार. रोजच्यासारखो. कित्याक गो?"

"आज जरा रव माझ्यासाठी. मी येतंय."

"आज? अगो, आज तुझा प्रदर्शन मां? बरी आसस मां तू?"

"बरी आसंय. तिया, आयक. खुर्ची भायर हाडूक सांग दादाक. पुढच्या खोलयेत. तुझ्या जागेर."

 "थंय आता काय नाय गो बाय," तिया सावकाश म्हणाली. "नुसती काच आसा."

"काचेतसून दर्यो दिसता मां?"

"दिसता."

"मगे रव. पावलंयच मी."

तियानं फोन ठेवला नाही. मग खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला, लांबून लांबून, वाटेतून बाहेर. गाडी लागली. मितेशनं बोर्ड दारातून आत सरकवला. रिशेलनं टाचणीची डबी खिशात चाचपली, कागदांची नळी छातीशी धरली, आणि दांडा पकडून वर चढली.